निळ्या दोऱ्याची भरली वांगी

मंडळाच्या सेक्रेटरीबाईंनी माझ्या पातेल्याचं झाकण उचललं. वाकून वास घेतला. "अगंबाई, भरली वांगी का," म्हणाल्या. मग त्यांची नजर पातेल्याच्या काठावर गेली. तिथे नाव घातलेलं होतं. लग्नात सासऱ्यांनी घालून घेतलेलं, आडनावासकट. त्यांनी ते एकदा वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. आणि झाकण परत ठेवलं.

अगदी हळू ठेवलं. आवाजसुद्धा होऊ दिला नाही.

ते आडनाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर तुमच्यातलेही काही जण झाकण ठेवतील.

ही पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही निपाणीकडून बेंगळुरात नवीन आलो होतो. नवरा सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन. क्वार्टर मिळालं, नळ मिळाला, दारात आठवड्यातून दोनदा कन्नड भाजीवाली यायला लागली आणि मला अक्का म्हणायला लागली. मराठी बोलायला माणूस नाही म्हणून मी रडकुंडीला आले होते. अशात कॉलनीतल्या मराठी बायकांच्या मंडळाचं बोलावणं आलं. वर्षातून दोनदा, एकदा दिवाळीनंतर आणि एकदा उन्हाळ्याआधी, लालबागेत अंगतपंगत. प्रत्येकीने घरून एक पदार्थ करून आणायचा, सतरंजीवर मधोमध मांडायचा, सगळ्यांचं सगळ्यांनी खायचं. अध्यक्षबाई स्वतः म्हणाल्या होत्या, "मंडळात आम्ही काही पाळत नाही हो." मी त्यावर विश्वास ठेवला.

अंगतपंगतीला काय न्यावं याचा मी चार दिवस विचार केला. गार झालं तरी चव जाता कामा नये. बसमध्ये सांडता कामा नये. वाढताना तुकडे पडू नयेत, आणि पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांनी परत मागावं. या सगळ्यात बसणारी भाजी एकच, आमच्याकडची भरली वांगी. केल्यावर चार तास मुरली की जास्तच लागते. आईने गावाहून कारळं पाठवली होती. ती भाजली, शेंगदाणे भाजले, तीळ, सुकं खोबरं, चिंच, गूळ. चाळीस वांगी एकेक निवडून घेतली, काटेरी देठाची. सगळी सकाळ शेगडीपुढे बसले. घामाने पदर भिजला तरी मी आनंदात होते.

आणि त्या दिवशी लालबागेतल्या झाडाखाली तीस बायका जेवल्या. मसालेभात संपला. अळूवड्या संपल्या. सांज्याच्या पोळ्यांवर तर पोरांची झटापट झाली. माझं पातेलं जसं आणलं तसं मधोमध बसून राहिलं. बायकांचे हात त्याच्या डावीकडून जात होते, उजवीकडून जात होते. खाणाखुणा कधी झाल्या मला कळलंच नाही. शेवटी सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "तुमचं राहिलंच की हो. असू दे, माळ्याला देऊन टाकू."

"नको," मी म्हणाले. "घरी नेते."

सकाळपर्यंत त्या मला निपाणीच्या वहिनी म्हणत होत्या. त्यानंतर नुसतं "अहो बाई."

बसमध्ये पातेलं मांडीवर घेऊन बसले. कंडक्टर तिकीट द्यायला वाकला आणि तिथेच थांबला. "एनु अक्का, बदनेकाई?" वांगी का म्हणून विचारलं. भर गर्दीत त्याने नुसत्या वासावरून ओळखलं. त्याला दोन दिली, कागदावर. त्याने ती उभ्याउभ्या खाल्ली आणि बोटं चाटली. उरलेली अडतीस आम्ही तिघांनी दोन दिवस खाल्ली. मला प्रत्येक घास कडू लागला.

पुढच्या अंगतपंगतीची यादी घेऊन सेक्रेटरीबाई आल्या तेव्हा माझ्या नावापुढे आधीच लिहिलेलं होतं. केळी आणि पत्रावळी. "तुमच्या मागे लहान मूल. कशाला दगदग," म्हणाल्या. माझं एक मूल. मसालेभात करणाऱ्या बाईची चार होती. केळ्याला साल असते म्हणून ते चालत होतं, हे न कळायला मी काही दूधखुळी नव्हते. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "जाऊ दे. साहेबांची बायको हाय अध्यक्षीण." साहेब म्हणजे त्याचेच साहेब. मी पाच वेळा केळी नेली. पाच वेळा पत्रावळी मांडल्या. मला राग येत होता आणि मी तो गिळत होते. हे मी कबूल करते, कारण ते माझ्या हातून झालं आहे.

सहाव्या खेपेच्या आदल्या दिवशी अध्यक्षबाई माझ्याकडे आल्या. एकट्याच. मागच्या दाराने. हातातल्या पिशवीत पातेलं, चकचकीत पितळी, नवी कल्हई लावलेलं. काठावर साहेबांचं नाव, पुढे त्यांची डिग्रीसुद्धा.

"आमचा आचारी गावाला गेलाय," त्या म्हणाल्या. "इतक्या जणींचं माझ्या एकटीच्यानं काही व्हायचं नाही. ती तुमची वांगी, त्या दिवशी काय वास सुटला होता. यात करून द्या. आपल्या दोघींतच राहू दे हं."

मी पातेलं हातात घेतलं नाही. तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "यजमानांच्या बढतीचा कागद आमच्या साहेबांच्याच टेबलावर आहे, नाही का?"

मी चहाचं विचारलं. "नको, आत्ताच झाला," म्हणाल्या. पाणीही घेतलं नाही.

मी वांगी केली. बढतीसाठी केली, आणि खरं सांगायचं तर त्या बायकांना माझ्या हातचं खाताना बघायचं होतं म्हणूनही केली. बघितलं. पातेलं मधोमध आलं, सेक्रेटरीबाईंनी काठावरचं नाव वाचलं आणि झाकण असं उचललं जसं काही देवघर उघडतायत. पहिल्या पंधरा मिनिटांत तळ दिसला. एकीने रस्साही पोळीने पुसून घेतला. "काय हात आहे हो तुमचा," म्हणाली. अध्यक्षबाई म्हणाल्या, "सासूबाईंची पद्धत."

मी पत्रावळी वाटत होते. माझी सुमन तेव्हा सात वर्षांची. शेजारच्या बाईने तिच्या पानात एक वांगं टाकलं. तिने घास घेतला आणि मोठ्याने म्हणाली, "आई, ही तर आपली..." पुढचा शब्द यायच्या आत मी तिच्या मांडीला असा चिमटा काढला की पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने तो घास गिळला. कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

बसमध्ये ती मांडी चोळत बसली. मग म्हणाली, "आई, मग आपल्या भांड्यात का नाही केलीस?"

दुसऱ्या दिवशी तिला आंघोळ घालताना डाग दिसला. मांडीवर काळानिळा, माझ्या दोन बोटांचा. मी तांब्या खाली ठेवला. त्या बायकांनी माझ्या पातेल्यावर झाकण ठेवलं होतं. मी माझ्या लेकीच्या तोंडावर ठेवलं. त्यांच्या नावाला धक्का लागू नये म्हणून. मला स्वतःची किळस आली. आणि तिथेच, बाथरूमच्या ओल्या फरशीवर बसून, मी ठरवलं की याचा सूड घ्यायचा. दुसरा शब्द मला सापडत नाही आणि मी तो शोधतही नाही.

सहा महिने वाट बघितली. बढतीचा कागद टेबलावरच होता. अध्यक्षबाई पुन्हा मागच्या दाराने आल्या. या वेळी पातेलं मोठं. शहरातल्या मल्लेश्वरम भागातल्या मंडळाच्या बायकाही यायच्या होत्या. "तुमच्याशिवाय कोण करणार," म्हणाल्या.

"सरी, बाई," मी कन्नडमध्ये होकार दिला. "सकाळी तयार असेल."

सुमनच्या शाळेच्या निळ्या झग्यातून दोऱ्याचं रीळ उरलं होतं. तो दोरा मी गरम पाण्यात दोनदा उकळून घेतला, रंग सुटायचा थांबेपर्यंत. नव्वद वांगी घेतली. प्रत्येकात सारण भरलं आणि प्रत्येकाला दोन वेढे देऊन गाठ मारली. नव्वद गाठी. शेजारणीकडून मोठी कढई आणली, सगळी एकाच कढईत शिजवली. मग साठ त्यांच्या पातेल्यात काढली, तीस माझ्या.

सकाळी अध्यक्षबाईंनी झाकण उघडून बघितलं. "हे दोरे कशाला?"

"सारण सुटू नये म्हणून. खाताना काढून ठेवा म्हणावं."

"छान युक्ती आहे," म्हणाल्या. लालबागेत त्यांनी ती स्वतःची म्हणून सगळ्यांना सांगितली.

नवऱ्याला मी निघतानाच सांगितलं. तो दाढी करत होता. वस्तरा हातात तसाच राहिला. "असं करू नगंस," म्हणाला. "बढती जाईल." मी म्हणाले, "जाईल." त्याने आरशाकडे तोंड केलं. मी माझं पातेलं फडक्यात बांधलं आणि सुमनला घेऊन निघाले. पत्रावळी घेतल्या, केळी घेतली नाहीत.

माझं पातेलं मी अध्यक्षबाईंच्या पातेल्याला चिकटून ठेवलं. सेक्रेटरीबाईंनी भुवया वर केल्या, पण पाहुण्यांसमोर काय बोलणार. जेवणं झाली. साठच्या साठ वांगी संपली. मल्लेश्वरमच्या एका म्हाताऱ्या बाईंनी अध्यक्षबाईंचा हात धरून कृती विचारली. अध्यक्षबाई सांगायला लागल्या आणि कारळं विसरल्या. तेव्हा मी उभी राहिले.

आवाज नीट निघाला.

"आपापली पत्रावळ बघा. निळा दोरा आहे."

सगळ्यांनी खाली बघितलं. प्रत्येकीच्या पत्रावळीच्या कडेला निळे दोरे पडले होते. मी वाकून माझ्या पातेल्याचं झाकण काढलं. आत तीस वांगी, त्याच निळ्या दोऱ्यात.

"ही माझी. ती पण माझी. मागच्या खेपेला खाल्लीत ती पण माझीच. एका कढईतली, माझ्या हातची."

मग अध्यक्षबाई हसल्या. "काय बोलताय काहीतरी. मीच शिकवली की हो यांना ही भाजी. लगेच आमची नक्कल."

मी माझं पातेलं उचललं आणि त्यांच्यापुढे नेऊन ठेवलं. नाव त्यांच्याकडे करून.

"शिकवलीत ना. मग एक खाऊन सांगा, जमलीय का."

त्यांनी पातेल्याकडे बघितलं. काठावरचं नाव बघितलं. हात मांडीवरच राहिला. मी उभी होते. पन्नास बायका बघत होत्या. त्यांनी एक वांगं उचललं असतं तर मी खोटी पडले असते. एवढी सोपी सुटका होती. त्यांच्याच्याने ती घेववली नाही.

मग नळाकडे धावाधाव सुरू झाली. एकीने चुळा भरल्या. सेक्रेटरीबाई झाडामागे जाऊन घशात बोटं घालत होत्या. म्हाताऱ्या बाई आता कुठे अंघोळ करू म्हणून रडवेल्या झाल्या. मला हसू आलं. मी ते दाबलं नाही. सुमननेही माझ्याकडे बघितलं आणि हसली, आधी भीत भीत, मग मोठ्याने. त्या दिवशी मला जेवढं बरं वाटलं तेवढं लग्नानंतर कधी वाटलं नव्हतं.

माझ्या पातेल्यातलं एकही वांगं कुणी घेतलं नाही. तेही सांगते. तीसच्या तीस घरी आणली.

बढती गेली. नवऱ्याला जुन्या नकाशांच्या खोलीत टाकलं, खिडकी नसलेल्या. महिनाभर तो माझ्याशी बोलला नाही. त्याच्या भाकरीची वाट मी अवघड केली, हे मला कळतं. तरी मला पश्चात्ताप नाही.

मंडळाने मला यादी पाठवायचं बंद केलं. पण शेजारीण सांगते, हल्ली अंगतपंगतीत कुणी पटकन झाकण उघडत नाही. "हे घरीच केलंत ना? स्वतःच ना?" असं एकमेकींना विचारतात. साहेबांचं नाव असलं तरी विचारतात. भाजीत दोरा शोधतात. नावावर त्यांचा जो भरवसा होता तो मी मोडला. ते सुख मी त्यांना परत देणार नाही.

गेल्या रविवारी मी पातेलं चिकपेटच्या भांड्यांच्या दुकानात नेलं. नाव घालणारा कन्नड, त्याला आपली अक्षरं येत नाहीत. म्हणून आदल्या दिवशी नवऱ्याने स्वतः पेन्सिलीने पितळेवर अक्षरं काढून दिली. कारखान्यातल्या नकाशावर काढतो तशी, सरळ आणि ठसठशीत. मी काही सांगितलं नव्हतं, पातेलं फक्त समोर ठेवलं होतं. पहिल्यांदा माझं नाव, मग आडनाव, सासऱ्यांनी घातलं होतं त्याच्या दुप्पट मोठं. कारागिराने ठोके मारताना विचारलं, एवढं खोल कशाला अक्का, भांड्याला भोक पडेल. मी म्हणाले, पडू दे.

मंडळाच्या वहीत माझं नाव अजून आहे. खोडायची कुणाची छाती झालेली नाही. येत्या रविवारी लालबागेत अंगतपंगत आहे. बोलावणं आलेलं नाही. मी जाणार आहे. सुमन बरोबर येईल आणि तिला जे बोलायचं ते ती मोठ्याने बोलेल. वांगी असतील, शंभर. पातेलं मधोमध ठेवीन, नाव अध्यक्षबाईंकडे करून. खा नाहीतर खाऊ नका. झाकण मी घरीच ठेवून येणार आहे.