किरणांखालून आलेली मिरची

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मिरचीवर पाणी मी मारलं होतं.

दुष्काळात मिरची इतकी कडक वाळली, की देठ खुडताना तिचा भुगा व्हायचा. नेकनूरच्या आमच्या सहकारी संस्थेचा मी सचिव. संध्याकाळी देठ खुडणाऱ्या बायका घरी गेल्या की ढिगावर पाणी शिंपडायचो, वर गोणपाट टाकायचो. सकाळी देठ सुरेख निघायचे. पुढे पुडीच्या तपासणीत बुरशीचं विष निघालं. सभेत सगळे म्हणाले, चक्कीवाल्या कौसाबाईंनी खोली ओली ठेवली. टँकरवर जगणाऱ्या गावात ओली खोली कुठून आली, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. बाईंचं काम गेलं.

उपाय मात्र मीच सुचवला: पूड नाशिककडच्या, किरणांनी जंतू मारणाऱ्या विकिरण केंद्रात न्यायची. पहाटे टेम्पो निघाला. गेवराईला जेवायला थांबलो. भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्यमसाल्याच्या पिठाची आमटी). हॉटेलवाल्यानं पोती पाहिली, कुठं चाललोय ते ऐकलं आणि आमच्या ड्रायव्हरला, लक्ष्मणला, विचारलं,

"मिरची दवाखान्यात कामून नेतो रे?"

"एक्सरे काढायचाय."

"आमच्या मिरचीला निव्वळ ऊन हाय. अजून कुणी मेलं न्हाई."

मी आमटी परत मागितली. पुढे पुलाखाली गोदावरी दिसली नाही. वाळू होती, तीही उपसलेली.

केंद्रातल्या मॅडमनी विचारलं, "माल भिजला होता का?"

"नाही," मी म्हणालो. सवय झाली होती.

"किरणांनी बुरशी मरेल. पण तिनं आधीच सोडलेलं विष फार तर थोडं कमी होईल. पुन्हा तपासल्याशिवाय विकू नका."

पोती जाड भिंतीच्या खोलीत गेली, दुसऱ्या बाजूनं बाहेर आली. रंग तोच, वास तोच. येताना लक्ष्मण घोरू नये म्हणून मी त्याच्याशी हवापाण्याचं बोलत राहिलो. पाण्याचं कमी.

पुन्हा तपासणी झाली. बुरशी मेली होती. विष थोडं उतरलं होतं, पण विकण्याजोगं नाही. पूड खड्ड्यात पुरली. बघायला कौसाबाई आल्या होत्या.

"सचिवभाऊ, किरणांनी बी गेलं न्हाई म्हंजे माझी खोली लईच वली असंल. मला कळलंच न्हाई बघा."

मी "हं" म्हणालो.

तुम्हाला आधी सांगितलं, हे उलटंच झालं. भरल्या सभेत, कौसाबाईंच्या देखत, पाणी मी मारलं होतं एवढं म्हणायचं आहे. तेवढं मी त्यांचं देणं लागतो.