उद्घाटनाआधी उष्टं नको

खरं सांगतो, त्या कपाटाची किल्ली माझ्याच खिशात होती. मग खापर दुसऱ्या कोणाच्या डोक्यावर फोडू?

आमचं कॉलेज रावेरच्या बाजूला, केळीच्या बागांना खेटून. विद्यापीठांनी एकत्र येऊन संशोधनासाठी वेगवान नेटवर्क उभारलं, त्याची लाइन धुळ्याच्या एका कॉलेजात आली आणि तिथून आमच्याकडे. आता आमच्या पोरांना इथे बसून लांबच्या विद्यापीठाचा मोठा संगणक वापरता येणार होता. लॅब माझ्याकडे, त्यामुळे मी नुसता हुरळून गेलो होतो. नेटवर्कच्या माणसांनी केबल ओढली, यंत्र कपाटात बसवलं, हिरवा दिवा लागलेला दाखवला आणि गेली. त्याच दिवशी प्राचार्यांनी कपाटाला कुलूप घालायला लावलं आणि लॅबमधल्या सगळ्यांना बजावलं,

"उद्घाटनाआधी कोणी हात लावायचा नाही. नैवेद्य दाखवायच्या आधी ताट उष्टं करतो का आपण?"

फीत आली, कोनशिलाही आली. पाहुण्यांची तारीख तेवढी मिळेना.

एम.एस्सी.ला एक मुलगी होती. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातली, घरी पावसावरची शेती आणि मजुरी. सुट्टीत केळी पॅकिंगला जायची आणि तिथूनच बागाबागांत फिरून करपा पडलेल्या पानांचे हजारो फोटो तिने काढले होते. फोटो पाहून रोग ओळखणारा प्रोग्राम तिला करायचा होता. धुळ्याचं कॉलेज अशा कामासाठी एकच विद्यार्थी निवडणार होतं, विद्यावेतन देऊन. फोटो पाठवायची मुदत शनिवारची. नाव लागलं तर पुढचं शिक्षण, नाही तर घरचे लग्न उरकणार, हे तिनेच मला सांगितलं होतं.

मोबाइलवरून फोटो निम्म्यातच अडकायचे. शेवटी पेन ड्राइव्ह घेऊन ती एसटीने धुळ्याला गेली. तिथल्यांनी सांगितलं, "तुमच्या कॉलेजच्या लाइनवरूनच पाठवा. नियम आहे." आली बिचारी हात हलवत परत.

शुक्रवारी ती लॅबच्या दारात उभी. "सर, फक्त एक तास द्या."

आमचे शिपाई नाना धुळ्याकडचे, तोंडाने फटकळ. ते मला म्हणाले, "बठ्ठं चालू शे ना सर? मंग कुलूप कसाले?" सगळं चालू असताना कुलूप कशाला, हे मलाही कळत नव्हतं.

मी प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेलो आणि तिच्यासाठी एक तास मागितला. "चार दिवस थांबली तर आभाळ कोसळणार आहे का?" त्यांनी मान वर न करताच विचारलं. मी सांगायला हवं होतं, हो साहेब, तिच्यावर कोसळणार आहे. पण मी तासिकेवर शिकवणारा, आणि मला कायम करायचा प्रस्ताव त्यांच्याच टेबलावर पडलेला. "बरं सर," म्हणून बाहेर आलो. भित्रा कुठला! मुलीला सांगितलं, किल्ली साहेबांकडे आहे. ती माझ्या खिशाकडे बघत होती.

पुढच्या आठवड्यात पाहुणे आले. नारळ फुटला, कुलूप मीच उघडलं, पडद्यावर धुळ्याची मंडळी हात हलवताना दिसली. पाहुण्यांनी विचारलं, "याचा शेतकऱ्याला काय उपयोग?" प्राचार्यांनी मला पुढे ढकललं. आणि मी बोललो. केळीचा करपा, हजारो फोटो, आमच्याच कॉलेजचं संशोधन! टाळ्या कडाडल्या. प्राचार्यांनी पाठ थोपटली. ती मागच्या खुर्चीवर बसून सगळं ऐकत होती.

पाहुणे चहाला गेले तशी ती पुढे आली आणि पेन ड्राइव्ह माझ्या टेबलावर ठेवला.

"सर, झालं ना आता उष्टं? मग पाठवा."

मी पाठवले. बाहेर चहा संपायच्या आत सगळे फोटो धुळ्याला पोचले. धुळ्याहून उलट निरोप आला की निवड सोमवारीच झाली. तो वाचून दाखवायला मी मान वर केली, तर ती केव्हाच निघून गेली होती. पेन ड्राइव्ह तिथेच होता.

महिनाभराने मी कायम झालो. पेढे मीच वाटले. नानांनी घेतला नाही.