थर्ड बेसवरचा रेटा

वेल्ह्याच्या स्टँडवर स्वारगेटची गाडी लागली आणि आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खिडकीतून टॉवेल फेकून माझी जागा धरली. आई नुसती पिशवी पुढं करत राहिली. मी पायरीवर पाय ठेवला आणि तिथंच थबकलो. वाटलं, नकोच. तेवढ्यात पाठीत आबांचे दोन्ही तळवे बसले. "चढ रं! मागं बघू नगं!" आमच्याकडं निरोपाची रीतच ही. टॉवेल टाकायचा आणि मागून रेटा द्यायचा. रेट्याशिवाय कुणी एसटीत चढलेलं मला आठवत नाही.

त्या रेट्यात मी पुणं ओलांडून थेट अमेरिकेत येऊन पडलो. इथं रांगेतसुद्धा दोन माणसांत म्हैस मावेल एवढी जागा सोडतात. आधी बरं वाटलं, मग पाठ रिकामी वाटायला लागली. आई गेल्यापासून तर जिवाला चैन नाही. आबा एकटे, सोबतीला शेळ्या आणि मोबाईल. आता ऑफिसनं विचारलंय, पुण्याच्या शाखेत जाता का? सोमवारी उत्तर द्यायचंय. बायको तयार आहे, अडलोय तो मीच. रोज आबांना विचारतो, येऊ का? ते म्हणतात, "तुझं तू बघ." अहो, हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा! पण छे.

याच घालमेलीत शनिवारी मुलीच्या, रेवाच्या, बेसबॉलच्या मॅचला गेलो. मी तिच्या टीमचा थर्ड बेसचा कोच. काम सोपं. खडूनं आखलेल्या चौकटीत उभं राहायचं आणि तिसऱ्या बेसवर आलेल्या मुलींना हातवारे करून, ओरडून सांगायचं, पळ किंवा थांब. रेवा बेसवर आली आणि थबकली. यापुढचा बेस शेवटचा, त्याला 'होम' म्हणजे घर म्हणतात; तिथं पोचलं की धाव मिळते. जाऊ की नको? बॉल तर लांब गडगडत गेलेला. माझं डोकं फिरलं. "चढ!" म्हणून ओरडलो आणि तिच्या पाठीत दोन्ही तळव्यांनी असा रेटा दिला की पोरगी सुसाट सुटली. पोचलीसुद्धा. पण अंपायरनं मूठ वर केली. आऊट.

मी भांडायला गेलो, नुसता हात तर लागला! तो शांतपणे म्हणाला, "हात लागला म्हणून आऊट देत नाही. टाळी द्या, पाठ थोपटा, चालतं. पण तुमच्या हातानं तिच्या पळण्याला मदत झाली, की धावणारी आऊट." रेवाचे डोळे भरले होते. "बाबा, ढकललंस तू आणि आऊट मी?" घरी पोचताच ती दार आपटून आत गेली.

संध्याकाळी आबांना फोन लावला. तिकडं रविवारची सकाळ, ते शेळ्या सोडत होते. हसतील म्हणून सगळं रंगवून सांगितलं. हसले नाहीत.

"म्या बी तुला ढकललंच की रं," ते म्हणाले. "तुझी आई मरंस्तवर बोलली मला. पोराचा पाय उचलत नव्हता, तुमी रेटला, म्हनायची. मग तू बी औटच की."

म्हणजे हा माणूस एवढे दिवस 'तुझं तू बघ' म्हणत होता तो यासाठी! पुन्हा हात लागू नये म्हणून.

"न्हाई आबा," मी म्हणालो. गावची बोली आपसूक तोंडात आली. "वेल्ह्याच्या स्टँडवर अंपायर कुठं व्हता? मी पोचलो की नीट."

"मग आता म्या काय करू म्हन्तोस?"

"हात लावायचा न्हाई. ओरडायला परवानगी हाय."

तिकडं आबांनी घसा खाकरला. घर कुठलं, असं इथं कुणी विचारलं की मी आजवर पत्ता सांगत आलो, आधी तिकडचा, मग इकडचा. दोन्ही सांगताना खोटं बोलल्यासारखं वाटायचं.

मग माळावर लांब गेलेल्या शेळीला घालतात तशी हाक आबांनी घातली. "ये रं बाळू! ये!"

कोण ओरडतंय म्हणून रेवा राग विसरून आतून धावत आली. मी तोवर उठून दारापर्यंत आलो होतो. पाठीला कुणी हात लावला नव्हता, तरी पाय उचलला होता.