आठ किलोंच्या आत

गेल्या डिसेंबरात, साल्हेर-मुल्हेरच्या ट्रेकला निघायच्या आदल्या संध्याकाळी, नाशिकच्या आमच्या घरात आईची सॅक ताणकाट्याला टांगली. काटा अकरा किलोंवर थांबला. गटाची मर्यादा आठची होती.

नियम गटप्रमुखाने आधीच कळवला होता. तो सातपूरच्या एका कारखान्यात नोकरीला, वयाने माझ्याहून लहान. पायथ्याच्या वाघांबे गावात प्रत्येक सॅकचं वजन होणार. ज्याची जास्त भरेल त्याने साल्हेर चढायचा नाही, जीपने थेट मुल्हेरला जाऊन थांबायचं. आधीच्या ट्रेकला एकाचं ओझं सगळ्यांनी आळीपाळीने वाहिलं होतं. त्यानंतर हा नियम आला.

आईला साल्हेरच चढायचा होता. ती मूळची नामपूरची. किल्ला लहानपणापासून लांबून पाहिलेला, त्यावर पाऊल कधी ठेवलेलं नाही. निवृत्तीनंतर वर्षभर ती पांडवलेणीच्या पायऱ्या चढत-उतरत होती. पायांचा प्रश्न उरला नव्हता.

मी सॅक पलंगावर रिकामी केली. स्लीपिंग बॅग, स्वेटर, बॅटरी, औषधं हे सगळं निम्म्यातच होतं. बाकी शेंगदाण्याचे लाडू, दशम्या, चिवडा, लसणाची चटणी, कांदे, लिंबं आणि लोणच्याची काचेची बरणी.

"पाटा-वरवंटा राहिला का गं?" बाबांनी दारातून विचारलं.

"तुम्ही गप्प बसा."

"आई, आपल्या दोघांपुरतं घे ना," मी म्हटलं.

"आणि बाकीचे दहा जण? त्यांच्यासमोर डबा उघडायचा आणि आपणच खायचं?"

"ते आपापलं आणतील."

"आणू देत. डबा उघडला की आधी दुसऱ्याला द्यायचा. एवढंही शिकवायचं राहिलं का तुला?"

अर्ध्या तासाच्या चर्चेनंतर सॅकमधून एक टॉवेल बाहेर निघाला. तो ओला नसल्याने काट्यावर फारसा फरक पडला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मिनीबस नाशिकहून निघाली. सटाण्यापर्यंत बहुतेक जण झोपेत होते. ताहाराबादला चहासाठी थांबलो तेव्हा नामपूरची मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, स्टँडवर उभी होती. हातात गाठोडं. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, मिरचीचा ठेचा, वर भाजलेले शेंगदाणे.

"अक्का, इतलंच शे. नही नको म्हनू."

आईने गाठोडं घेतलं. गटप्रमुखाने ते पाहिलं.

"काकू, आता जीप नक्की."

"कसानी जीप?" मावशीने विचारलं.

मी नियम सांगितला. मावशीने आधी सॅककडे पाहिलं, मग चहाच्या टपरीभोवती उभ्या असलेल्या सगळ्या गटाकडे.

"वजन थैलीनं करतस ना? पोटनं नही ना? मंग बठा नि खा!"

टपरीमागच्या ओट्यावर चादर अंथरली गेली. गाठोडं सुटलं, पाठोपाठ आईची सॅकही. लाडवांचा डबा एका टोकाने फिरू लागला, दशम्या दुसऱ्या टोकाने. टपरीवाल्याने कांदे फोडून दिले आणि स्वतःही एक भाकरी घेतली. गटप्रमुखाने दोनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा मावशीने विचारलं नाही, भाकरी त्याच्या हातावर ठेवली, वर ठेचा.

"लय तिखट आहे," तो डोळे पुसत म्हणाला.

"मग लाडू घे," आई म्हणाली. त्याने तीन घेतले.

लोणच्याची बरणी आईने मावशीच्या पिशवीत टाकली. चिवडा ड्रायव्हरकडे गेला. पुढच्या रस्त्यात बहुतेकांना पुन्हा झोप लागली.

वाघांबेत मारुतीच्या देवळासमोर गटप्रमुखाने काटा लिंबाच्या फांदीला बांधला. इतरांच्या सॅक आधी झाल्या. सगळ्या मर्यादेत होत्या. आईची शेवटची. काटा वर-खाली झाला, आठच्या जरा पलीकडे गेला आणि मागे आला. गटप्रमुखाने तो स्थिर होऊ दिला, मग वाकून पाहिलं.

"साडेसात," तो म्हणाला. "काकू, चला."

आईने सॅक पाठीवर घेतली, पट्टे आवळले. साल्हेर आणि सालोट्याच्या मधल्या खिंडीकडे जाणाऱ्या वाटेवर गट रांगेने निघाला. आई रांगेत तिसरी होती.