जनाबाईंची जीभ

प्रिय ईशान आणि रेवा,

रविवारी फोनवर ईशानने विचारलं, "आजी, बायोप्सीचा रिपोर्ट चुकतो का?" फोनवर नीट सांगता आलं नाही. म्हणून लिहिते आहे.

सोनिवलीच्या जनाबाई माझ्या अंबरनाथच्या दातांच्या क्लिनिकमध्ये दात काढायला आल्या होत्या. शेजारी मुलगा सुरेश, हातात रिपोर्ट: जिभेचा कॅन्सर. अर्धी जीभ काढायची तारीखही ठरली होती. ऑपरेशननंतर रेडिएशन द्यायचं असेल तर खराब दात आधीच काढतात, कारण नंतर जबड्याची जखम लवकर भरत नाही. माझं काम एवढंच होतं.

जनाबाई धवलारीण. आगरी लग्नात धवले गाऊन विधी पार पाडणारी बाई. पुरुष भटजी असला तरी तिच्या गाण्याशिवाय लग्न पुढे सरकत नाही.

मी जिभेच्या कडेची गाठ बोटाने चाचपली. टणक होती, पण वर जखम नव्हती. रंग पिवळसर.

"कधीपासून आहे?"

"नातीच्या बारशापासना. ती आता शालंत जातं."

कॅन्सर इतकी वर्षं गप्प बसत नाही. मी दात काढले नाहीत. सुरेशला लॅबमधून स्लाइड आणायला सांगितली. स्लाइड म्हणजे काचेवर लावलेला गाठीचा पातळ काप.

तोंडाच्या आजारांच्या स्लाइड वाचायचं शिक्षण मी घेतलेलं, म्हणून क्लिनिकमध्ये मायक्रोस्कोप होता. त्याखाली कॅन्सरसारखंच दिसत होतं. वरच्या त्वचेच्या पेशी बोटांसारख्या खाली शिरल्या होत्या. पण कापाला खालचा भागच नव्हता. मी उल्हासनगर कॅम्प पाचच्या लॅबमध्ये, तो रिपोर्ट लिहिणाऱ्या किशोरभाईंना फोन लावला.

"किशोरभाई, नीचे क्या है?"

"नीचे कुछ आया ही नहीं, मॅडम. पीस छोटा था. पर फॉर्म पे लिखा है, चालीस साल से मिश्री. और क्या होगा?"

मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, आपल्याकडच्या कितीतरी बायका रोज हिरड्यांना चोळतात. तिने कॅन्सर होतो, हे खरंच. म्हणून तो शब्द वाचल्यावर पुढे कोणी शंकाच घेतली नव्हती.

मी सुरेशला म्हटलं, खोल तुकडा घेऊन पुन्हा तपासू. तो चिडला.

"परत कापायचं? तारीख गेली आणि कॅन्सर पसरला तर, मॅडम?"

प्रश्न रास्त होता. मी त्यांच्या सर्जनशी बोलले. ते म्हणाले, "एक आठवडा देतो. त्यापुढे नाही."

जनाबाई इतका वेळ ऐकत होत्या. "सुरेश, तू गप. अर्धी जीब गेली त मांडवान जाऊन मी काय करू? टाल्या वाजवू? डॉक्टरीनबाय, घ्या तुकडा."

खोल तुकडा घेतला. किशोरभाईंनी स्लाइड स्वतः आणून दिली आणि माझ्याआधी तेच मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले. खाली मोठ्या, दाणेदार पेशींचे थर होते. नसांच्या आवरणातल्या पेशी ओळखणारी खास तपासणी केली, तीही पॉझिटिव्ह आली. ग्रॅन्युलर सेल ट्यूमर. क्वचित दिसणारी आणि बहुतेक वेळा निरुपद्रवी गाठ. तिची खोड अशी, की ती वरच्या त्वचेला डिवचते, मग त्वचा जाड होऊन खाली वाढते आणि कॅन्सरचं सोंग घेते.

"साईं, ये तो मैं किताब में ही देखा था," किशोरभाई आपल्या सिंधी ढंगात म्हणाले आणि तिथेच बसून नवा रिपोर्ट लिहायला लागले.

सर्जननी मोठं ऑपरेशन रद्द केलं. जीभ बधिर करून फक्त गाठ आणि भोवतीची थोडी कड काढली. टाके घातले, सूज उतरली. जनाबाई फेरतपासणीला आल्या तेव्हा खुर्चीत बसल्या बसल्याच त्यांनी धवल्याची एक अख्खी ओळ म्हणून दाखवली. बाहेरचे पेशंट दारात जमले. माझी असिस्टंट रडली. मी नाही, मला टाके बघायचे होते.

"मिश्री?" मी विचारलं.

"सोरली. आता सुनंची सोरवतंय."

तर ईशान, रिपोर्ट क्वचितच चुकतो. तुकडा अपुरा असतो, आणि उरलेलं आपण मनाने भरतो. तुकडा खोल घ्यावा.

जनाबाई दर वर्षी तपासणीला येतात. गाठ परत आलेली नाही. जिभेच्या कडेला एक पांढरा वण आहे, बाकी जीभ सगळी जागेवर आहे.

तुमची आजी