कॉलिनची शिडी मी धरली

मंडळी, आज सकाळी बेसिंगस्टोकला विरळ धुकं होतं. घराबाहेर पडले, तर गल्लीतल्या प्रत्येक खांबावर इंग्लंडचा झेंडा. काल एकही नव्हता.

फक्त शेवटचा खांब राहिला होता, आणि तिथे शिडीवर शेजारचे कॉलिन. आम्ही इथे नवीन होतो, तेव्हा आमचा घर तापवायचा बॉयलर यांनीच सुरू करून दिला होता.

"जरा शिडी धरतेस?"

मी धरली.

"हे झेंडे तुम्हाला उद्देशून नाहीत हं. बाहेरून आलेल्या त्या बाकीच्यांनी परत जावं."

"बाकीचे म्हणजे कोण, कॉलिन?"

ते वरून माझ्याकडे बघत राहिले, पहिल्यांदाच पाहत असल्यासारखे. समोरच्या खिडक्यांतले पडदे हलले. बाहेर कोणीच आलं नाही.

झेंडा बांधून ते उतरले आणि नेहमीसारखंच गोड हसून "थँक्यू, लव्ह" म्हणाले, इथे सगळ्यांना लाडानं म्हणतात तसं.

दुपार झाली, मी अजून तेच आठवतेय. तुम्ही शिडी सोडली असती?