प्यो बाईंचं भाषांतर

मार्चच्या दोन तारखेला सकाळी पावणेआठला प्यो बाई माझ्या खोलीत आल्या आणि दार लावून म्हणाल्या, "यू, ती सोनेरी वर्खाची गोळी दे गं एक."

यू म्हणजे मी, शाळेची नर्स. ती गोळी आमच्याकडे मुलं मोठ्या परीक्षेच्या सकाळी चघळतात, छातीतली धडधड कमी व्हावी म्हणून. सव्वीस वर्षं इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंनी शाळेचं नवं वर्ष सुरू व्हायच्या दिवशी ती मागावी याचं मला हसू आलं.

"ताई, परीक्षा कुणाची आहे? तुमची की त्या पोराची?"

"हसू नकोस. माझे हात बघ."

हात बर्फासारखे गार होते. मी गोळी दिली आणि गरम पाणीही दिलं.

ते पोर म्हणजे कॅलम, स्कॉटलंडचा, चोवीस वर्षांचा. शिक्षण खात्याने आमच्या बेटावरच्या एकसष्ट मुलांच्या शाळेला पहिल्यांदाच परदेशी इंग्रजी शिक्षक दिला होता. आदल्या संध्याकाळच्या बोटीने तो उतरला, आणि त्याला आणायला धक्क्यावर अर्थातच प्यो बाई गेल्या होत्या.

"वाटभर बोलत होता गं. मी नुसती मान डोलावली. मला फक्त 'बोट' कळलं."

"थंडी होती, वारा होता, नसेल आलं ऐकू."

"नाही. मला ऐकलेलं इंग्रजी कळतच नाही. कधीच कळलं नाही."

हे त्यांनी पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं होतं. बेटावरच्या मासेवाल्यांची, खायचं समुद्री शेवाळ पिकवणाऱ्यांची पोरं राजधानीत, सोलच्या कॉलेजांत गेली ती या बाईंच्या व्याकरणावर. लाल पेन घेऊन बसल्या की एक चूक सुटायची नाही. पण त्यांचं सगळं इंग्रजी कागदावरचं, आणि इतकी वर्षं बेटावर त्यांच्याशी इंग्रजीत बोलणारा कुणी आलाच नाही, म्हणून झाकलं गेलं. आता मुख्याध्यापक बांग सरांनी जाहीर करून टाकलं होतं की दहा वाजता सगळ्या पालकांसमोर कॅलम भाषण करील आणि प्यो बाई भाषांतर करतील.

"सरांना सांगून टाका ना, जमणार नाही म्हणून."

"आता? ज्यांच्या पोरांना मी छड्या मारल्या, त्या सगळ्यांसमोर? मी मरेन यू."

मग मी तो शहाणपणा केला. म्हटलं, "ताई, नव्या शिक्षकांची भाषणं सगळी सारखीच असतात. आनंद झाला, मेहनत करीन, तुमचं जेवण आवडतं. द्या ठोकून आणि वेळ मारून न्या." माझी जीभ तेव्हाच झडायला हवी होती.

हॉलमध्ये इतकी थंडी होती की पालक अंगावरचे कोट काढत नव्हते. कॅलम उंच, लाल केसांचा, आणि पायांत शाळेच्या सपाता, त्यांतून टाचा बाहेर आलेल्या. बोलताना तो मध्येच हसला, गळ्यावर हात ठेवला, डोळे फिरवून जीभ बाहेर काढली. मुलं खिदळली. बोलून झाल्यावर त्याने विश्वासाने बाईंकडे पाहिलं.

प्यो बाईंनी माइक दोन्ही हातांनी धरला होता. "कॅलम सर म्हणतात, इथे येऊन त्यांना फार आनंद झाला. ते खूप मेहनत करतील. आणि आपलं जेवण त्यांना अतिशय आवडतं. किमची तर जीव की प्राण. खाऊन खाऊन मरेन, म्हणतात."

गळ्यावरचा हात, बाहेर आलेली जीभ, सगळं त्यात चपखल बसवलं होतं. टाळ्यांचा कडकडाट झाला. बांग सरांचा चेहरा नुसता फुलला. मीसुद्धा मनात म्हटलं, सुटली बाई.

एक माणूस तेवढा टाळ्या वाजवत नव्हता. मागच्या दाराशी पांढऱ्या गमबुटांत उभी असलेली, आमच्याच शाळेत शिकलेल्या हेरिनची आई. ती आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. नाव रोवेना, फिलिपिन्सची, इथल्या शेवाळवाल्याशी लग्न करून आली त्याला चौदा वर्षं झाली. शाळेत तिला नावाने कुणी हाक मारत नाही. ती प्यो बाईंकडे टक लावून पाहत होती.

समारंभ संपल्यावर बाई तडक माझ्याकडे आल्या. रंग उडालेला.

"तिला कळलंय. तिच्या देशात शाळेत सगळं इंग्रजीतूनच शिकवतात. ती सांगणार गं सरांना."

"ती कशाला सांगेल?"

"मी तिच्या जागी असते तर सांगितलं असतं." बाई खाटेवर बसल्या. "हेरिन माझ्या वर्गात होती तेव्हा तोंडी परीक्षेत मी तिचे मार्क कापले. वर्गासमोर विचारलं, हे कसले उच्चार? कुठून उचललेस? आणि हिला बोलावून सांगितलं, घरी पोरीशी इंग्रजी बोलू नका, बिघडेल ती. ही 'हो बाई' म्हणाली आणि वाकून नमस्कार करून गेली."

मी म्हटलं, "जाऊन विचारा तरी तिला, तो खरं काय बोलला ते."

बाई गेल्या. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेल्या, हात दाराला लावला आणि परत फिरल्या. मी खिडकीतून पाहत होते. दोनदा गेल्या आणि दोनदा परत आल्या. तेवढ्यात जेवणाची घंटा झाली.

पाहुण्याचं ताट बांग सरांनी आधीच मागवून आपल्या टेबलावर ठेवून घेतलं होतं. भात, शेवाळाचं सूप, तळलेला मासा आणि किमची, आंबवलेल्या कोबीची तिखट पानं. प्यो बाई कॅलमसमोर बसून नुसता भात चिवडत होत्या. सरांनी आपल्या चॉपस्टिक्सनी किमचीचं मोठं पान उचललं आणि कॅलमच्या भातावर ठेवलं.

"घ्या, घ्या! जीव की प्राण ना तुमचा!"

कॅलम हसला. त्याने ते उचलून तोंडाजवळ नेलं.

"नको!"

ओले हातमोजे घातलेली रोवेना टेबलांमधून धावत आली. तिने त्याच्या हातावर हात मारला. किमची सरांच्या बाहीवर पडली. मग तिने त्याचं सूपही उचललं आणि दुसऱ्या हातातली साध्या सूपाची वाटी पुढे ठेवली. कॅलमला दोनच वाक्यं बोलली. तो पांढराफटक पडला.

"यांना कोळंबी चालत नाही," ती आम्हाला म्हणाली. "घसा बंद होतो. लहानपणी मरता मरता वाचले."

मी उठून उभी राहिले. किमचीत खारवलेली कोळंबी असते, सूप सुक्या कोळंबीच्या पाण्यावर केलेलं. पाहणाऱ्याला दोन्हींत कोळंबी दिसत नाही, आणि आम्हाला तर ती असते हे आठवतसुद्धा नाही. नर्स मी, आणि त्याला एका शब्दाने विचारलं नव्हतं.

सर बाही पुसत म्हणाले, "पण कोण म्हणालं हे?"

रोवेनाने प्यो बाईंकडे पाहिलं. बाईंनी डोळे मिटून घेतले होते.

"प्यो बाईंनीच सांगितलं," रोवेना म्हणाली. "मघाशी, समारंभ झाल्यावर. ताट वेगळं काढा म्हणाल्या. घाईत माझ्याकडून राहिलं. चूक माझी, सर."

"राहिलं?" सर कडाडले. सगळी मुलं वळून बघायला लागली. "माणूस मेला असता! चौदा वर्षं झाली तुम्हाला इथे, अजून सांगितलेलं कळत नाही?"

रोवेनाने मान खाली घातली. सुटका झाली होती बाईंची, पूर्ण सुटका. मूग गिळून बसल्या असत्या तरी कुणाला काही कळलं नसतं. खरं सांगते, मी असते तर बसले असते.

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला.

"तिला कळतं, सर," प्यो बाई म्हणाल्या. आवाज इतका बारीक होता की सरांना पुढे वाकावं लागलं. "कळत नाही ते मला. तो भाषणात हेच सांगत होता. मला एक शब्दही समजला नाही. मी मनाने बोलले."

"बाई, बसा," रोवेना हळूच म्हणाली.

"हेरिनचे उच्चार बरोबर होते. मार्क मी चुकीचे कापले."

कॅलम गोंधळून एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. मग त्याने प्यो बाईंनाच काहीतरी विचारलं, भरभर, लांबलचक. बाईंची मान सवयीने डोलायला लागली. मध्येच त्यांनी ती थांबवली, कपाळावरचा घाम पुसला आणि सगळ्या शाळेसमोर त्याला इंग्रजीत म्हणाल्या, "मला समजलं नाही. पुन्हा सांगा. हळू."